बाळंतिणीचे केस : माहेर, सासर आणि मधले तीन महिने

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत अजून पाळली जाते. ओटीभरण झालं की मुलगी माहेरी येते. बाळंतपण होतं, सव्वा महिना शेक-शेगडी, मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू होतात आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की तिला सासरी पोचवतात. नेमके त्याच सुमारास केस गळायला लागतात. मोरीच्या जाळीवर केस, उशीवर केस, बाळाच्या मुठीत केस. वेणीची बघता बघता उंदराची शेपटी होते. माहेरचे म्हणतात, सासरचं पाणी मानवलं नाही. सासरचे म्हणतात, माहेरी बाळंतपण धड काढलं नाही, डोकं उघडं ठेवलं असणार.

दोन्हीकडचा तर्क एकाच जागी अडखळतो. आज फणीत आलेल्या केसाचं गळणं साधारण तीन महिन्यांपूर्वीच ठरून गेलेलं असतं. दोष मात्र आज जे समोर असेल त्याला जातो: पाण्याला, जागरणाला, सासूबाईंच्या स्वयंपाकाला, नव्या शाम्पूला. इलाजाचंही तसंच. पाचव्या महिन्यात सुरू केलेला कुठलाही उपाय आठव्या-नवव्या महिन्यात लागू पडल्यासारखा दिसतो, कारण बहुतेकींची गळती तोवर आपोआप ओसरत आलेली असते. या विषयावरचे बहुतेक मतभेद या अंतरातून निघतात, म्हणून आढाव्याची सुरुवात तिथूनच करायला हवी.

केसाचं चक्र आणि साठ वर्षांचं संशोधन

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे त्याची वाढ थांबत जाते, मग सुमारे तीन महिने तो मुळाशी नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. कुठल्याही वेळी पंचाऐंशी ते नव्वद टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस जाणं हा रोजचा हिशेब आहे, त्यात काळजीचं काही नाही. कृष्णाकाठच्या उसाचं जसं असतं, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू अशा लागणी वेगवेगळ्या वेळी झाल्या की तोडही टप्प्याटप्प्यानं येते, तसंच हे. गरोदरपणात मात्र इस्ट्रोजेन वाढलेलं असतं आणि ज्या केसांची तोड व्हायची तेही उभेच राहतात. शेवटच्या महिन्यांत केस दाट वाटतात ते यामुळे. बाळंतपणानंतर हार्मोन झपाट्यानं उतरतात, थांबलेले केस एकदमच विश्रांतीत जातात आणि तीन महिन्यांनी सगळी तोड एकाच वेळी पदरात येते.

गरोदरपणातल्या केसांचं चक्र मोजून पाहणारा येल्वा लिनफील्ड यांचा निबंध १९६० सालचा. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी या प्रकारच्या गळतीला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ हे नाव दिलं. ताप, मोठी शस्त्रक्रिया, रक्तस्राव, उपासमार अशा धक्क्यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस जातात हे त्यांनी दाखवलं. १९९३ मध्ये हेडिंग्टन यांनी तिचे पाच प्रकार पाडले आणि बाळंतपणानंतरची गळती ‘वाढीची अवस्था लांबून मग एकत्र सुटका’ या प्रकारात बसवली. आज डॉक्टर ‘घाबरू नका, वर्षभरात येतील’ असं म्हणतात ते या परंपरेच्या आधारानं.

अलीकडच्या कामांपैकी २०२३ सालचं जपानमधलं सर्वेक्षण उपयोगाचं आहे. उत्तरं देणाऱ्या तीनशेहून अधिक बायकांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणींनी केस गळाल्याचं सांगितलं. सरासरीनं सुरुवात बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्याच्या आसपास, जोर पाचव्या महिन्यात, शेवट आठव्यात. ‘सासरी आल्यावर’ या आपल्याकडच्या वेळापत्रकाशी हे आकडे जवळजवळ तंतोतंत जुळतात, आणि जपानी बायकांनी काही कृष्णेचं पाणी प्यालेलं नाही.

शंका घेणारेही आहेत

सगळं इतकं ठरलेलं नाही. २०१६ मध्ये स्पेनमधल्या मिराल्यास आणि ग्रिमाल्त या दोघांनी बाळंतपणानंतरची गळती ही वेगळी व्याधी आहे या कल्पनेलाच आव्हान दिलं. त्यांचा मुद्दा असा की जुने अभ्यास लहान आहेत, त्यांच्या पद्धतींत मेळ नाही आणि तुलनेसाठी बाळंत न झालेल्या बायकांचे गट नाहीत. अशा पुराव्यावर इतका ठाम निष्कर्ष उभा राहत नाही. त्यांचं म्हणणं बायकांना दिसतं ते खोटं असं नाही. जे दिसतं त्याची मोजणी नीट झालेली नाही, इतकंच. सर्वेक्षणांत बायका आठवून सांगतात आणि आठवणीत केस जास्तच गळतात, ही अडचण जपानी अभ्यासालाही लागू आहे. माझ्या मते ही शंका रास्त आहे. पण तिच्यामुळे सल्ला फारसा बदलत नाही.

बदलतं ते इतकंच की सगळ्या गळतीवर ‘बाळंतपणाचं आहे’ असा शिक्का मारण्याची घाई करू नये. भांग रुंद होत चालला असेल, मधल्या भागातून टाळू दिसायला लागली असेल, तर आनुवंशिक विरळपणा आधीपासून असू शकतो आणि बाळंतपणानं तो फक्त उघड केलेला असतो. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. तिचं कारण वेगळं, इलाज वेगळा. कपाळाकडचे आणि कानशिलाकडचे केस जात असतील तर बुचडा किती आवळून बांधता, हा प्रश्न आधी विचारावा. तपासणीच्या टेबलावर डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकी ओढतात आणि हातात काय आलं ते पाहतात. टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा गोळा असेल तर केस विश्रांती घेऊन मुळापासून सुटलेला आहे. गोळा नसेल, केस मध्येच तुटलेला असेल, तर दोष मुळाचा नाही, केसाच्या काडीचा आहे. हे घरीही बघता येतं.

आणखी एक गोष्ट आईच्या केसांविषयी बोलताना हटकून राहून जाते. गळलेला लांब केस मोज्यात, दुपट्यात, लंगोटात अडकतो आणि बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन फास बसतो. बोट सुजतं, लाल-निळं पडतं आणि बाळ कशानंही रडायचं थांबत नाही. असे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा नोंदले गेले आहेत. बाळ विनाकारण रडतंय असं वाटलं तर मोजे काढून सगळी बोटं नीट बघावीत. बोटाला केस आवळलेला दिसला आणि सहज निघाला नाही, तर थेट दवाखाना गाठावा.

लोह आणि थायरॉइड

‘थांबा, आपोआप येतील’ या सल्ल्याच्या शेजारी दुसरी भूमिका उभी आहे: थांबा जरूर, पण आधी रक्त तपासा. महाराष्ट्रात ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे निम्म्याहून अधिक बायका बाळंतपणाला मुळात कमी शिदोरीनिशी सामोऱ्या जातात, त्यात रक्तस्राव होतो, वर स्तनपान.

‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदरपणी १८० आणि बाळंतपणानंतर १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी घ्यायची असते. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. गरोदरपणी गोळी घेतली जाते, कारण तपासणीला गेलं की कुणी तरी विचारतं. नंतरचे सहा महिने मात्र पोट साफ होत नाही, मळमळतं, ‘आता काय गरज’ अशा कारणांनी पट्टी कपाटात राहते. जेवणाला लागून चहा घेतला तर लोह कमी अंगी लागतं, लिंबू-आवळ्याबरोबर जास्त लागतं, हे आशाताई सांगतात. पण जेवणानंतरचा चहा सुटणं आपल्याकडे सोपं नाही.

लोहाबद्दलचा खरा वाद पातळीचा आहे. शरीरातल्या साठ्याचं माप म्हणजे फेरिटिन. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांमध्ये ते १५ च्या खाली गेलं की कमतरता मानते. केसांवर काम करणाऱ्यांपैकी एक गट म्हणतो की केसांना एवढं पुरत नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या ट्रॉस्ट, बर्गफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ते ७० च्या वर ठेवावं असा सल्ला दिला. उलट २०१० मध्ये ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी केस गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या बायकांची तुलना केली, तेव्हा लोहाच्या कमतरतेत लक्षणीय फरक मिळाला नाही. म्हणून हिमोग्लोबिन बारा असलेल्या, पण फेरिटिन वीस आलेल्या बाईला एक डॉक्टर गोळी देतो आणि दुसरा ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठवतो. दोघांनाही पुराव्याचा आधार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा हिमोग्लोबिनच पाहतात. फेरिटिनसाठी मोठं रुग्णालय नाही तर खाजगी लॅब गाठावी लागते, म्हणजे हा वाद बऱ्याच बायकांच्या दारापर्यंत पोचतच नाही.

थायरॉइडबाबत मतभेद कमी आहेत. बाळंतपणानंतर काही जणींच्या थायरॉइडला सूज येते. आधी धडधड, वजन उतरणं, मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास थकवा, अंग जड होणं, बद्धकोष्ठ. हा दुसरा टप्पा केसांच्या गळतीवर बरोबर येऊन बसतो आणि दोन्हींवर ‘बाळंतपणाचा थकवा’ हेच पांघरूण घातलं जातं. गळती वर्षानंतरही थांबत नसेल किंवा थकवा प्रमाणाबाहेर असेल तर थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करावी, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

घरातलं आणि वैद्यांचं

घरातल्या उपायांना सरसकट नावं ठेवणं सोपं आहे आणि चुकीचंही. अळीव, खारीक, खोबरं, डिंक, मेथी, गूळ, बाळंतशेपा या यादीत लोह आहे, चांगली चरबी आहे, पोटभर उष्मांक आहेत. बाळंतिणीला पोटभर आणि चार वेळा खायला घालणं हाच मुळात मोठा उपाय आहे. अडचण पथ्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. ‘बाळाला बाधेल’ म्हणून पालेभाज्या, डाळी, लिंबू, कधी अंडीही बंद होतात. मग लाडवातून आलेलं पथ्यातून जातं.

आयुर्वेदात केसांना अस्थिधातूचा मल मानलं आहे आणि केस विरळ होण्याला खालित्य म्हटलं आहे. वैद्य केसांचा विचार हाडांच्या, पचनाच्या आणि सूतिकेच्या एकंदर पोषणाबरोबर करतात. माका, आवळा, जटामांसी, ब्राह्मी यांची तेलं त्या विचारातून येतात. त्वचारोगतज्ज्ञ विचारतात की या तेलांनी बाळंतिणीची गळती लवकर थांबते असं तुलना करून दाखवलं आहे का. वैद्य म्हणतात, तेल हा उपचाराचा एक भाग, नुसत्या तेलावर परीक्षा घेऊ नका. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरं जुळत नाहीत.

खोबरेल तेलाबद्दल मात्र मोजलेलं काही आहे. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी दाखवलं की खोबरेल केसाच्या काडीत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलानं तसं होत नाही. हे दोघं मॅरिको या खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या संशोधन विभागातले होते, हे वाचकानं लक्षात ठेवावं. निष्कर्ष मान्य केला तरी तो काडी तुटण्याबद्दल आहे, मुळापासून गळण्याबद्दल नाही. बोअरच्या जड पाण्याचंही तसंच. त्यानं केस राठ होतात, तुटतात, साबणाला फेस येत नाही. पण मुळाशी गोळा असलेला केस पाण्यानं गळत नाही. माणदेशातली मुलगी कृष्णाकाठी दिली काय किंवा उलट, पाण्यावरचा आळ बहुधा खोटा ठरतो.

गळतीच्या धास्तीनं बऱ्याच जणी विंचरणंच सोडतात, आठवडा-आठवडा न्हात नाहीत. त्यानं गळायचे ते केस डोक्यातच राहतात, गुंता होतो आणि एका न्हाण्यात मूठभर निघाले की भीती दुप्पट होते. हा गुंता वाढत गेला की जट. जट देवीची म्हणून कापायची नाही, ही भीती सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्माशी जोडलेली आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती समजूत घालून जट काढून देण्याचं काम वर्षानुवर्षं करते आहे. बाळंतिणीच्या केसांची गोष्ट तिथपर्यंत क्वचितच जाते. पण रुंद दातांच्या फणीनं, टोकाकडून वर असं रोज विंचरा, हा साधा सल्ला किती ठिकाणी कामाला येतो ते यावरून कळावं. निघालेलं गुंतवळ पिशवीत साठवून केसांवर फुगे देणाऱ्याची वाट बघणाऱ्या बायका गावोगाव आहेत. त्यांची पिशवी चौथ्या-पाचव्या महिन्यात फुगते आणि मग खाली येते, इतकं साधं मोजमाप दुसरं नाही.

बाजार

सांगलीच्या आणि साताऱ्याच्या रस्त्यांवर केसांच्या क्लिनिकचे फलक वाढले आहेत, मोबाइलवर तर विचारायलाच नको. यात मिनॉक्सिडिल या औषधाला आनुवंशिक विरळपणात चांगला पुरावा आहे. पण बाळंतिणीची गळती मुळात स्वतःहून थांबणारी, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं ते टाळावं असंच उत्पादक आणि बहुतेक डॉक्टर सांगतात. कांद्याच्या रसाच्या चित्रफितींमागे २००२ सालचा बगदादचा एक छोटा अभ्यास असतो, तो चाईवरचा. स्वतःच्या रक्तातला प्लाझ्मा टोचण्याचे प्रयोग मुख्यतः आनुवंशिक विरळपणावर झालेले आहेत.

बायोटिनच्या गोळ्यांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ असते. शिवाय मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसह काही रक्त-तपासण्यांचे आकडे बिघडवतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्ये दिला. केसांसाठी गोळी घेणारी बाई केसांसाठीच टीएसएच करायला जाते आणि रिपोर्ट चुकीचा येतो, असं होऊ शकतं. तपासणीआधी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगावं. ‘जास्त घेतलं तर काय बिघडलं’ या समजुतीवर बुलढाण्याचं उदाहरण पुरेसं आहे. २०२४ च्या अखेरीस शेगाव परिसरातल्या गावांत लोकांचे केस अचानक गेले, तेव्हा महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व गरजेपेक्षा जास्त झालं तरी केस जातात, हे आधीपासून माहीत आहे. केसांच्या अनेक ‘मल्टिव्हिटॅमिन’ डब्यांवर ही नावं वाचायला मिळतात.

डॉक्टरांचं ‘वर्षभरात’

डॉक्टर आणि बाई यांच्यात एक गैरसमज कायम राहतो. ‘वर्षभरात पूर्ववत’ म्हणताना डॉक्टर मुळं मोजतात. बाई वेणी बघते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत नवे केस आले तरी ते सहा-आठ सेंटिमीटरचे, कपाळावर ताठ उभे राहणारे. कमरेपर्यंतची वेणी खालपर्यंत पूर्वीसारखी भरायला सहा-सात वर्षं लागतील, आणि तोवर कदाचित दुसरं बाळंतपण झालेलं असेल. ‘माझे केस पहिल्यासारखे कधी आलेच नाहीत’ असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते आणि डॉक्टरही नसतो.

मनाचा भागही इथंच येतो. नोकरी करणारीची २६ आठवड्यांची रजा संपते तेव्हा गळती जोरात असते. शाळेत, बँकेत, दवाखान्यात परत जाताना भांगातली टाळू तिला दिसत असते. ‘बाळ झालंय, आता केसांचं काय घेऊन बसलीस’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरात आहे. केसांची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ते दहा प्रश्न विचारावेत, असं काही डॉक्टर सुचवतात. नैराश्याबद्दल स्वतःहून न बोलणारी बाई केसांबद्दल बोलते, हे त्यामागचं निरीक्षण.

काय सुटलेलं नाही

स्तनपान हा एक मोठा अनुत्तरित प्रश्न. जपानी अभ्यासात जास्त काळ पाजणं आणि गळती यांचा संबंध दिसला. पण जास्त काळ पाजणाऱ्या बायका आणखी कशात वेगळ्या आहेत, हे त्यातून कळत नाही. बाळाचं दूध तोडायला हा आधार मुळीच पुरेसा नाही. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्या-सोडण्याचा परिणाम किती, तेही मोकळंच आहे. तांबीत हार्मोन नसतात, तरी दोष तिलाही मिळतो.

व्यवस्थेतलीही एक फट आहे. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी ४२ व्या दिवशी संपतात आणि बाळंतिणीची विचारपूसही बहुधा तिथंच आटोपते. गळती सुरू होते तिसऱ्या महिन्यात. पण बाळाचा १४ व्या आठवड्याचा डोस त्याच वेळी असतो. उपकेंद्रात बाळ मांडीवर घेऊन आई नर्सबाईंसमोर बसलेली असते. त्याच बैठकीत तिला लाल गोळीबद्दल विचारणं आणि ‘आता केस जातील, आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत थांबतील, नाही थांबले तर या’ असं आधीच सांगून ठेवणं याला खर्च लागत नाही.

संशोधनाच्या बाजूनं हवं आहे ते काम मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा कराडचं कृष्णा रुग्णालय यांच्या आवाक्याबाहेरचं नाही. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बायकांचा मागोवा, ठरावीक वेळी भांगाचा फोटो, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आणि टीएसएच, आहाराची नोंद, आणि तुलनेला त्याच वयाच्या, बाळंत न झालेल्या बायका. दुष्काळी आणि बागायती तालुके वेगळे मांडले तर पाण्याचा वादही त्यातच निघेल. असे आकडे हाती येत नाहीत तोवर नवव्या महिन्यात थांबलेल्या गळतीचं श्रेय अळिवाला द्यायचं, माक्याच्या तेलाला की लाल गोळीला, हे कुणालाच ठरवता येणार नाही.